पाच लिटरला शंभर मिली कमी

१

सिस्टरची गाडी चढावर बंद पडली ती इंजिनातलं तेल संपून नव्हे, तेल जास्त झालं म्हणून. आणि ते तेल पाच दिवसांपूर्वी आमच्याच गॅरेजात बदललं होतं. माझ्या हातांनी.

सिस्टर म्हणजे आमच्या भागातला दहा खाटांचा दवाखाना एकहाती चालवणाऱ्या नर्स. जे पेशंट अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांच्याकडे त्या स्वतः जातात, आणि त्यासाठी दवाखान्याकडे ही एकच गाडी आहे. त्या दिवशी टेकडीवरच्या वस्तीत एका म्हातारबाबांना श्वास घेता येईना. निम्म्या चढावर गाडीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ मागून निळ्या धुराचा लोट. ड्रायव्हरने तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. सिस्टर उतरल्या, पिशवी काखेला मारली, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर ड्रायव्हरच्या खांद्यावर दिला आणि उरलेला चढ दोघं पायी चढून गेले. म्हातारबाबा वाचले. पण हे पोचले तेव्हा त्यांची नखं निळी पडली होती. सिस्टरनी मला हे नंतर सांगितलं. रागावून नव्हे, नुसतं सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला फोन आला तो दवाखान्याच्या कंपाउंडरचा.

"मिस्त्रीणबाई, गाडी ओढून माझ्या साडूच्या गॅरेजात आणली आहे. इंजिनाचं तेल अडवणारं मागचं सील गेलंय. तेल सोडलं, मी स्वतः मोजलं. साडेतीन लिटरच्या इंजिनात जवळजवळ पाच लिटर! तुमचा हात जड झालाय की तुमच्या सासऱ्यांचं डोकं हलकं?"

तेल कमी पडलं तर इंजिन घासतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त झालं तरी ते मरतं, हे फार थोड्यांना. इंजिनाचा फिरता दांडा तेलात बुडतो, ताक घुसळावं तसं ते घुसळतो, तेलाचा फेस होतो. फेसाने काही वंगण होत नाही. मग तेल वाट मिळेल तिथून बाहेर येतं.

मी डोळे मिटून तो दिवस आठवला. गाडी सपाट फरशीवर. जुनं तेल सोडलं, फिल्टर बदलला, नट आवळला. चार लिटरच्या कॅनमधून साडेतीन लिटर ओतलं. इंजिन मिनिटभर चालवून बंद केलं. दहा मिनिटं थांबले, सगळं तेल खाली चेंबरमध्ये उतरेपर्यंत. मग डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची पट्टी, काढली, पुसली, पुन्हा तळापर्यंत घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्या केसभर खाली. असं जमलं की मला अजूनही पहिल्यांदा जमल्यासारखा आनंद होतो. त्यानंतर नवऱ्याचा फोन आला. तो बोटीवर नोकरीला आहे, लाइन लागली की बोलून घ्यावं लागतं. पाव तास मी आत होते.

त्या पाव तासात गाडीपाशी फक्त माझे सासरे होते.

मी फळीवरचा तो कॅन बघायला गेले. त्यात अर्धा लिटर तेल उरलेलं असायला हवं होतं.

कॅन रिकामा होता.

२

सासऱ्यांना सगळं गाव मिस्त्रीबाबा म्हणतं. मी या घरात आले तेव्हा मला स्क्रू आणि बोल्ट यातला फरक कळत नव्हता. नवरा बोटीवर, घरात मी आणि बाबा. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी माझ्या हातात पाना दिला आणि म्हणाले, "भिंतींशी बोलून वेडी होशील सूनबाई, त्यापेक्षा इंजिनाशी बोल. ते उत्तर तरी देतं." आज मी जी कोणी आहे ती त्या पान्यामुळे.

पण वर्षभरापासून बाबा विसरायला लागले होते. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं सगळेच करतात. बाबा मात्र चहा पिऊन कप खाली ठेवायचे आणि विचारायचे, "आज चहा नाही का ग?" गॅरेजातल्या कामात हे कधी दिसलं नव्हतं. हात थरथरले तरी रीत चुकत नव्हती. गिऱ्हाइकाचं उरलेलं तेल गिऱ्हाइकाला परत, हा तर त्यांचा नियमच. तो मी कधी विसरायची, ते नाही.

मी त्यांना हळूच विचारलं, "बाबा, सिस्टरच्या गाडीत तुम्ही पुन्हा तेल घातलंत का?"

त्यांनी आपले हात उलटसुलट करून बघितले.

"आठवत नाही. पण कॅन रिकामा आहे म्हणतेस, तू ओतलं नाहीस म्हणतेस. मग मीच की." खिशातून गॅरेजच्या किल्ल्या काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. "सिस्टरने माझ्या बायकोचं शेवटचं आजारपण काढलं ग. त्या बाईला मी रस्त्यात पायी चालायला लावलं. आता हे तू ठेव. मी घरीच बरा."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले आणि सिस्टरसमोर उभी राहून सांगितलं, "चूक माझी. तेल मीच जास्त घातलं. बाबांचा काही संबंध नाही."

सिस्टर काही बोलायच्या आत बाकावर बसलेला एक उंच, वाळका माणूस उठला. हे मापारी. नोकरीभर वजनं-मापं तपासायचे निरीक्षक होते, म्हणून सगळे त्यांना मापारीच म्हणतात. त्यांच्या बायकोच्या पायाची जखम दोन वर्षं चिघळली होती. सिस्टरनी रोज घरी जाऊन ती भरून आणली. तेव्हापासून मापारी दर दोन दिवसांनी दवाखान्यात येऊन बसतात आणि "काही काम असेल तर सांगा" म्हणतात. आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"मिस्त्रीणबाई," ते म्हणाले, "मी तीस वर्षं दुकानदारांचं खोटं ऐकलं आहे. तुमचं खोटं फार कच्चं आहे."

"खोटं कशाला बोलू, काका?"

"कॅन केवढा होता?"

"चार लिटरचा."

"दुसरा फोडला?"

"नाही."

"मग चार लिटरच्या कॅनमधून पाच लिटर तेल ओतलंत कसं, तेवढं सांगा."

३

खरं सांगते, इतका साधा हिशेब मला सुचला नव्हता. घाबरलेल्या माणसाला बेरीज येत नाही.

सिस्टर मापाऱ्यांना म्हणाल्या, "काका, शनिवारी मला ठरवायचं आहे, गाडीचं काम यापुढे कोणाकडे द्यायचं ते. कंपाउंडर म्हणतात, त्यांच्या साडूकडे द्या. मला मिस्त्रीबाबांना दुखवायचं नाही, पण पुन्हा चढावर थांबायचंही नाही. शनिवारपर्यंत काही कळलं तर बघा."

मापाऱ्यांचा चेहरा असा फुलला की जणू त्यांना बक्षीस मिळालं होतं.

आम्ही आधी कंपाउंडरकडे गेलो. ते मागच्या खोलीत कोणाच्या तरी मोडक्या मनगटासाठी प्लास्टर कालवत होते. हात कोपरापर्यंत पांढरे.

"तुमच्या साडूला हे काम हवं आहे," मापारी सरळ म्हणाले.

"हवंच आहे. त्यात लपवायचं काय? पण म्हणून मी मापात खोट करीन?" कंपाउंडर उसळले. "औषधं मोजायच्या काचेच्या नळकांड्याने मोजलंय मी तेल. दहा वेळा भरून. चार लिटर नऊशे मिली. ना थेंब जास्त, ना थेंब कमी. ते नळकांडं घासायला मला दोन तास लागले!"

"गाडीचं बॉनेट तुम्ही कधी उघडता?"

"मी? मला स्वतःच्या स्कूटरची सीट उघडता येत नाही."

बाहेर येताना मापारी समाधानाने म्हणाले, "भांडखोर आहे, पण मोजणारा माणूस आहे. साडेतीन तुमचे. कॅनमधलं अर्धा लिटर नाहीसं झालंय, ते आत गेलं असं धरू. झाले चार. उरलेले नऊशे मिली कुठून आले? आणि सील फाटल्यावर थोडं सांडलं असणार. म्हणजे नऊशे नव्हेत, लिटरच."

"म्हणजे कोणीतरी एक लिटरचा नवा डबा आणून ओतला?"

"असं आकडे म्हणतात. मी नाही म्हणत."

ड्रायव्हर अंगणात बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्याच्याकडे एक वही असते; रोज सकाळी गाडी तपासून त्यात लिहायचं असतं. मापाऱ्यांनी पानं चाळली. प्रत्येक दिवसापुढे सुबक अक्षरात: पाणी ठीक, हवा ठीक, तेल ठीक.

"रोज तेल बघता?"

"रोज. आठला आलो की पहिलं काम तेच."

"वा. त्या डिपस्टिकची कडी कोणत्या रंगाची आहे हो?"

ड्रायव्हरने कान खाजवला. "काळी."

मी मापाऱ्यांकडे बघून मान हलवली. कडी भडक नारिंगी आहे. लांबून दिसावी म्हणूनच तशी केलेली असते.

ड्रायव्हरने वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "गाडी चालतेय म्हणजे तेल ठीकच असणार, असं धरून लिहितो. चुकलं माझं. पण देवाशप्पथ, मी तेल ओतलं नाही. ओतायला बॉनेट उघडावं लागतं, आणि मी ते सहा महिन्यांत उघडलेलं नाही."

"लाल दिवा लागल्याबरोबर इंजिन कोणी बंद केलं?" मापाऱ्यांनी विचारलं.

"मीच."

"आणखी शंभर पावलं रेटली असतीत तर इंजिन गेलं असतं. त्याबद्दल आभार. वहीबद्दल सिस्टरना तुम्हीच सांगा. मी सांगण्यापेक्षा बरं."

तेवढ्यात फाटकातून हॉर्न वाजला. कंपाउंडरच्या साडूने गाडी दुरुस्त करून आणली होती. नवं सील, नवं तेल, मोजून साडेतीन लिटर. तेलाची पातळी कंपाउंडरनी स्वतः तिथे जाऊन डोळ्यांनी बघितली होती, वरच्या खुणेपाशी. किल्ली देऊन साडू परत गेला. ड्रायव्हरने गाडी अंगणात नेहमीच्या जागी लावली, मागच्या चाकाला वीट लावली.

दहा मिनिटं थांबून मी बॉनेट उघडलं, डिपस्टिक पुसली, घातली, काढली.

तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

४

"चोर!" मी ओरडले. "साडेतीन म्हणून अडीच घातलंय!"

कंपाउंडर धावत आले. त्यांनी पट्टी बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. "शक्य नाही. मी बघितलंय. तासाभरापूर्वी बघितलंय!" त्यांचा आवाज एकदम रडवेला झाला, आणि मला त्या क्षणी त्यांची दया आली. काल मी जिथे उभी होते तिथेच आज ते उभे होते: स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडालेल्या माणसाच्या जागी.

मापारी मात्र गाडीकडे बघतच नव्हते. ते विटेकडे बघत होते.

"ही वीट कशाला?" त्यांनी विचारलं.

"गाडी मागे सरकू नये म्हणून," ड्रायव्हर म्हणाला.

"पूर्वीही लावायचात?"

"पूर्वी गाडी त्या शेडमध्ये असायची. शेडमध्ये आता नव्या खाटा ठेवल्यात. गाडी तेल बदलायला गेली होती ना, त्याच दिवशी आल्या त्या. तेव्हापासून गाडी इथे, या चढावर."

मापाऱ्यांनी सदऱ्याच्या खिशातून बोटभर लांबीची एक पितळी वस्तू काढली. पाणसळ. काचेच्या नळीतला तो बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. "तराजू तपासायचा तर आधी त्याच्याखालचा ओटा तपासायचा," ते म्हणाले. "ओटा तिरका असला की इमानदार तराजूही खोटं बोलतो. नोकरी सुटली, ही खिशातून सुटली नाही."

त्यांनी पाणसळ जमिनीवर ठेवली. बुडबुडा पळत टोकाला जाऊन चिकटला.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडीचं तोंड चढाकडे, वर. या इंजिनात डिपस्टिक पुढच्या बाजूला. चेंबरमधलं तेल उताराने मागे जाणार, पट्टीपाशी उथळ होणार. तेल पूर्ण असूनही पट्टी कमीच दाखवणार! पहिल्या वर्षी बाबांनी शिकवलेली पहिली गोष्ट: आधी जमीन बघ, मग तेल. आणि मी साडूला चोर म्हणून मोकळी झाले होते.

आम्ही गाडी ढकलून शेडच्या दारातल्या सपाट फरशीवर आणली. दहा मिनिटं थांबलो. तेल वरच्या खुणेपाशी, जिथे असायला हवं तिथे.

कंपाउंडरनी एवढा मोठा सुस्कारा टाकला की ड्रायव्हरचं वर्तमानपत्र हललं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "राहू द्या. काल मीही तुमच्या सासऱ्यांना बोललो."

"म्हणजे कोणीतरी रोज या चढावर तेल बघत होतं," मापारी म्हणाले. "त्याला ते रोज कमी दिसत होतं, म्हणून तो भर घालत होता. नासवायला नव्हे, जपायला. मिस्त्रीणबाई, मला चोर शोधायचा नाहीये, काळजी करणारा माणूस शोधायचाय. बॉनेट पुन्हा उघडा."

बॉनेटच्या आतल्या कडेला, उचलताना बोटं लागतात तिथे, पांढरे सुकलेले डाग होते. चार बोटांचे.

सगळ्यांची नजर कंपाउंडरच्या पांढऱ्या हातांकडे गेली.

५

"प्लास्टर आहे हे!" ड्रायव्हर म्हणाला.

"असेलही," मापारी म्हणाले. "कंपाउंडर, थोडं टिंक्चर आयोडीन द्याल?"

कंपाउंडर बाटली घेऊन आले, स्वतःवरचा खटला स्वतः चालवायला निघाल्यासारखे. मापाऱ्यांनी आधी त्यांच्याच बाहीवरच्या प्लास्टरवर एक थेंब टाकला. डाग तांबूस-पिवळा झाला आणि तसाच राहिला. मग एक थेंब बॉनेटच्या डागावर. बघता बघता तो निळा झाला, मग शाईसारखा काळा.

"शाळेत केलं होतं हे," सिस्टर माझ्या मागून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलंच नव्हतं. "पिठाला आयोडीन लागलं की निळं होतं."

"या दवाखान्यात सकाळी आठच्या आधी पिठाचे हात कोणाचे असतात?" मापाऱ्यांनी विचारलं.

आम्ही स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

आचारी ओट्यापाशी दुपारच्या पोळ्यांचं पीठ मळत होता. पन्नाशीचा, गोलमटोल, दहा पेशंटांना दहा चवींचं रांधून घालणारा माणूस. भिंतीवर खिळ्याला दोन नरसाळी टांगलेली होती. एक लखलखीत, दुसरं फडक्यात गुंडाळलेलं. मापाऱ्यांनी दुसरं काढून नाकाला लावलं आणि माझ्याकडे दिलं. तो वास मी झोपेतही ओळखीन. इंजिनचं तेल.

मापारी काही विचारणार, तोच आचाऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"साहेब, माझंच चुकलं. मीच कमी घातलं. आणखी एक डबा आणायला हवा होता मी."

कोणाला काही कळेना. सिस्टरनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग तो बोलायला लागला.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याच्या आईचं अर्धं अंग लुळं पडलं. सिस्टरनी याच गाडीतून तिला मोठ्या हॉस्पिटलात वेळेवर नेलं. आज ती काठी टेकत का होईना, चालते. "या गाडीने माझी आई परत आणून दिली, ताई," तो मला म्हणाला. "दुसरं काय करणार मी? पहाटे पीठ मळून झाकून ठेवलं की अर्धा तास मोकळा असतो. गाडी पुसतो, पाणी बघतो, तेल बघतो. तरुणपणी ट्रकवर क्लीनर होतो, उस्तादने सवय लावली होती. शेडमध्ये गाडी होती तोवर तेल कधी कमी दिसलं नाही. तुमच्याकडून तेल बदलून आली आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर खालच्या खुणेच्याही खाली!"

"मग मला का नाही सांगितलंस?" सिस्टरनी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "मिस्त्रीबाबांचं हल्ली कसं होतं ते ऐकलं होतं. म्हटलं, म्हातारा माणूस, राहिलं असेल घालायचं. बोभाटा कशाला? डिकी झाडताना एक बाटली सापडली तेलाची. ती घातली. तरी पुरेना. मग एक लिटरचा डबा आणला, दोन दिवसांत थोडा थोडा घातला. तेव्हा कुठे वरच्या खुणेला टेकलं. आणि नंतर ऐकलं, तेलापायी गाडी बंद पडली. मला वाटलं, कमीच पडलं."

"ती बाटली," मी विचारलं. "ती आहे का अजून?"

आचाऱ्याने फळीवरून एक स्वच्छ धुतलेली बाटली काढून दिली. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर वेडंवाकडं, थरथरतं, पण माझ्या ओळखीचं अक्षर:

गाडीचं उरलेलं. गाडीलाच.

मी ती बाटली पोटाशी धरली आणि तिथेच, पिठाच्या डब्यांच्या मधे, खाली बसले.

६

मापाऱ्यांनी सिस्टरना सगळं ओळीने सांगितलं. मिस्त्रीणबाईंनी साडेतीन लिटर घातलं, अगदी बरोबर. मिस्त्रीबाबांनी उरलेलं अर्धा लिटर आपल्या रीतीप्रमाणे बाटलीत भरून डिकीत ठेवलं, अगदी बरोबर. फक्त ठेवलं हे विसरले. खाटा आल्या, गाडी शेडमधून चढावर गेली. पट्टी कमी दाखवायला लागली. आचाऱ्याने बाटलीतलं अर्धा आणि डब्यातलं एक लिटर घातलं. पाच लिटर झालं. सील फाटल्यावर शंभर मिली रस्त्यावर गेलं. कंपाउंडरनी उरलेलं मोजलं, चार लिटर नऊशे मिली. "आणि त्यांनी ते इतकं काटेकोर मोजलं नसतं, 'खूप होतं' एवढंच म्हणाले असते, तर मिस्त्रीबाबा जन्मभर स्वतःला दोषी समजत बसले असते. कंपाउंडर, तुमचे उपकार आहेत."

कंपाउंडर लाजले. मी त्यांना लाजताना पहिल्यांदाच बघितलं.

आता आपल्यापायी काय झालं हे आचाऱ्याला कळलं होतं. तो हात जोडून उभा होता. "मी नोकरी सोडतो, सिस्टर. त्या म्हातारबाबांच्या जिवावर बेतलं असतं."

"बेतलं असतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही. "पुन्हा गाडीत काही कमी दिसलं तर आधी मला सांगायचं. कोणाची अब्रू झाकायला म्हणूनही गप्प बसायचं नाही. आणि नोकरी सोडून जाणार कुठे? मी रोज इतक्या घरांत जाते. मागे राहिलेलं माणूस कसं आहे हे बघायला मला वेळ नसतो. गेली दोन वर्षं सकाळी गाडीची काच पुसलेली असते, आणि मी समजत होते ड्रायव्हर पुसतो. तुझे आभार मानायचे राहूनच गेले होते."

ड्रायव्हर पुढे झाला आणि वहीबद्दल स्वतःच बोलला. सिस्टरनी त्याला पंधरा दिवस गाडी धुवायला लावली. आचाऱ्याला ते आवडलं नाही. त्याचं काम गेलं.

गाडीचं काम आमच्याकडेच राहिलं. पण त्या संध्याकाळी मला ते सुचतही नव्हतं. मी घरी पळत आले. बाबा खिडकीपाशी बसले होते, हात मांडीवर उताणे. मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"हे माझं अक्षर."

"हो बाबा. तुम्ही जास्त तेल घातलं नाहीत. उरलेलं परत दिलंत."

"मला आठवत नाही ग."

"नका आठवू. तुमच्या हातांनी केलंय बरोबर."

बाबांनी बाटलीवरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "सूनबाई, तू सिस्टरला जाऊन सांगितलंस म्हणे, चूक माझी म्हणून. खोटं बोललीस."

"बोलले."

"पुन्हा बोलू नकोस." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. थरथरत होता, म्हणून जास्तच वेळ ठेवला असं मला वाटलं.

त्यानंतरच्या सोमवारी सिस्टर गाडी घेऊन स्वतः गॅरेजात आल्या. बरोबर ड्रायव्हर, आचारी, आणि ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं असे मापारी. सिस्टर म्हणाल्या, "बाबा, या दोघांना तेल बघायला शिकवा. मलाही शिकायचं आहे."

बाबांनी धुतलेला सदरा घातला. गाडी सपाट फरशीवर घेतली. मापाऱ्यांनी वाकून पाणसळ लावली आणि मान डोलावली.

"इंजिन गरम असताना बघायचं," बाबांनी सुरुवात केली, "पण बंद करून दहा मिनिटं थांबायचं. तेलाला खाली उतरायला वेळ द्या. मग पट्टी काढा. पहिल्यांदा दिसतं ते खरं मानू नका, पुसा. पुन्हा घाला, पार तळापर्यंत. आता काढा आणि दोन्ही बाजूंनी बघा. दोन बाजू वेगळ्या दिसल्या तर कमी दाखवते ती धरा. दोन खुणांच्या मधे हवं, वरच्या खुणेजवळ. वर कधीच नाही. घालायचं झालं तर पेलाभर घाला, थांबा, पुन्हा बघा. घालणं सोपं आहे, काढणं..."

आणि ते थांबले. पट्टी हातात, तोंड अर्धवट उघडं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पट्टीकडे. पुढचं वाक्य त्यांच्याकडून कुठेतरी निसटलं होतं, आणि ते निसटलंय हे त्यांना कळत होतं.

आचारी एक पाऊल पुढे आला आणि कान पकडून म्हणाला, "बाबा, माफ करा, माझं लक्ष नव्हतं. पहिल्यापासून सांगता का?"

"लक्ष देत जा रे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. पट्टी पुसून त्यांनी ती जागेवर घातली, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.